दोघांत दोन गाड्या

परवा सकाळी तोंड धुताना खालचा ओठ चरचरला. आरशात बघितलं तर मधोमध बारीकशी भेग. म्हटलं, झालं, आली हवा. दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या डोंबिवलीची हवा अशी एकदम बदलते. चार महिने ज्या भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा, तीच भिंत कोरडी ठणठणीत. दोरीवरचे टॉवेल अकरा वाजताच वाळून कडक. एमआयडीसीकडचा वास सकाळी जरा खाली उतरून बसतो आणि रस्त्यावरची धूळ वर उठते. शेजारणी गोधड्या उन्हात टाकतात, कुणाकुणाच्या लग्नांच्या याद्या करतात. मला मात्र ह्या दिवसांत एका जागी बसवत नाही.

माझं काम घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं, कल्याणच्या एका लॅबसाठी. ओठ फुटला त्याच दिवशी एका आजींकडे गेलेले. दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई हातात घेतली, तर आजी म्हणाल्या, "अगं, तुझा पाय का हलतोय?" बघते तर माझा डावा पाय फरशीवर गिअर टाकत होता. पहिला, दुसरा, तिसरा. मी पाय आवरला, रक्त काढलं, आजींना कापूस दाबून धरायला सांगितला आणि जिना उतरताना एकटीच हसले. चार वर्षं झाली, तरी ही हवा आली की अंगात तेच सुरू होतं.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. दोन मोटरसायकली, बारा दिवस, आणि रस्ता कच्छच्या रणातून वर बाडमेर, जैसलमेर आणि त्याच्याही पुढे, जिथे नकाशात गावांची नावं लांब लांब होत जातात आणि मधे नुसतं पिवळं उरतं. निघायचं होतं डिसेंबरात, तयारी सुरू झाली दिवाळीच्या पाडव्यापासून. वाळवंटाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. वाळवंटाचे फोटो हल्ली सगळ्यांकडे असतात. मला आठवतो तो त्याच्या आधीचा सव्वा महिना, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधला, रॉकेलच्या वासाचा. त्या सव्वा महिन्यात मी एक जेवण धड बसून जेवले नाही.

आधी मूळ मुद्दा सांगते. लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झालेली. आमचे हे एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स फिटर. मोटरसायकल हे ह्यांचं वेड, आणि जरा लागून सुट्टी आली की आम्ही दोघं निघायचो. माळशेज, कोकणात माझं माहेर, एकदा तर थेट हंपी. हे चालवायचे, मी मागे. कामासाठी मला माझी स्कूटी होती, तिच्यावरून मी अख्खं कल्याण पालथं घालायची. पण गावाबाहेर जायचं म्हटलं की मी मागे. कुणी ठरवलेलं? कुणीच नाही. तशीच सवय झालेली. पंचेचाळिशीला मी मोटरसायकल शिकले तीही ह्यांच्याकडूनच, गंमत म्हणून, रविवारच्या रिकाम्या रस्त्यांवर. मग वाळवंटाचं निघालं तेव्हा जेवता जेवता मी म्हटलं, "मी मागे बसून येणार नाही. मला माझी गाडी हवी."

हे बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "तिकडे उंच गाडी लागेल. तुझे पाय टेकणार नाहीत."

"टेकवा मग," मी म्हटलं.

मला जायचं होतं ते स्वतःच्या गाडीवरून. बाकी कशाचं मला काही नव्हतं. उंट, वाळूच्या टेकड्या, सूर्यास्त, ते सगळं मागे बसूनही दिसलं असतं. पण त्या वेळी मला एवढं पक्कं कळलेलं की ह्या वेळी मागे बसले तर मी पुन्हा कधी मागू शकणार नाही. अंगात जोर आहे तोवरच माणूस मागतो. नंतर म्हणतो, जाऊ दे, कशाला ते.

ह्यांनी एक जुनी दोनशे सीसीची गाडी शोधून आणली. बारीक, उंच, घोड्यासारखी मान वर केलेली. मी पाच फूट एक इंच. तिच्यावर बसले तर दोन्ही पाय हवेत. उल्हासनगरला सीटवाल्याकडे नेऊन तिचा फोम तासून घेतला, तरी एकाच पायाचा चवडा टेकायचा. पुन्हा नेला. आता सीट अशी झाली की लाकडी पाटावर बसल्यासारखं वाटायचं, पण दोन्ही चवडे जमिनीला लागले. मी पार्किंगमध्ये त्या पाटावर बसून राहिले, पाय टेकवून, उगाचच. पहिल्या मजल्यावरच्या प्रधान काकू भाजी घेऊन येत होत्या. थांबल्या.

"ही कुणाची?"

"माझी."

"आणि ती?"

"ह्यांची."

"दोघांत दोन गाड्या? भांडलात की काय?"

"नाही हो काकू."

"मग पेट्रोल काय वर आलंय का तुमच्याकडे?" म्हणाल्या आणि गेल्या. पुढचा सव्वा महिना तोच प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. लॅबमधल्या मुलींनी, दूधवाल्याने, माझ्या आईने फोनवरून. ह्यांना कुणी विचारला नाही.

तयारी म्हणजे काय, तर आवळणं. फिटर माणूस. ह्यांना सैल काही बघवत नाही. कंपनीतून आले की चहा पिऊन पाना घेऊन खाली. एकेक नट आवळायचा, मग नटावरून गाडीच्या अंगापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. प्रवासात नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते, त्यासाठी. रंग कुठला, तर माझं नेलपॉलिश. भाचीच्या लग्नासाठी घेतलेलं लालभडक. आठवड्यात बाटली संपवली. दोन्ही गाड्यांना जागोजाग लाल टिकल्या, आणि माझी नखं कोरी.

मी वर याद्या करायची. औषधं, पंक्चरचं सामान, टॉर्च, सुई-दोरा, आमसुलाचं तेल. हे तेल आमच्याकडे कोकणातून येतं, थंडीत टाचांना आणि ओठांना लावायला, त्याचा गोळा मी तीन ठिकाणी ठेवला. पाण्याची चिंता मला नव्हती. डोंबिवलीत संसार केलेल्या बाईला पाणी कसं साठवायचं आणि तांब्याभर पाण्यात काय काय उरकायचं हे वाळवंटाने शिकवायला नको. याद्या झाल्या की मी त्या फाडून नव्याने करायची. फ्रिजवर लावायची. परत काढायची. सकाळी निघताना एकदा खाली जाऊन गाडीला हात लावायची, आल्यावर पुन्हा. लॅबमधून दोनदा फोन आले की नमुन्यांवरची नावं अदलाबदल झालीयेत, जरा लक्ष द्या. वीस वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं. मला माझाच राग यायचा आणि तरी डोकं जागेवर यायचं नाही.

गाड्या तपासायला आम्ही शीळफाट्याच्या रस्त्याने जायचो. तिथे ट्रकांच्या मधून, उखडलेल्या कडांवरून, धुळीतून गाडी काढली की जे काही सुटायचं असेल ते सुटतंच. हे पुढे, मी मागून. परत आल्यावर हे टॉर्च घेऊन रेघा बघत बसायचे. एकही रेघ तुटलेली नसायची. तेव्हा ह्यांच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते मी आमच्या मुलीच्या दहावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं.

सुभेदारांची ओळख माझ्या कामातूनच. कल्याणला कोळसेवाडीत राहायचे, साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त. साखरेसाठी दर महिन्याला मी त्यांचं रक्त काढायला जायची. माझ्या हातातलं हेल्मेट बघून त्यांनी विचारलं कुठे दौरा, मी सांगितलं जैसलमेर, आणि म्हातारा सोफ्यावर ताठ बसला. नऊ वर्षं तिकडे गाड्या चालवल्या आणि दुरुस्त केल्या होत्या त्यांनी. "ताई, मला गाड्या दावा," म्हणाले. रविवारी रिक्षा करून आले पण.

ह्यांनी मोठ्या अभिमानाने दाखवल्या. चेनला जाड ग्रीस चोपडलेलं, जिथे जिथे दोन भाग एकमेकांना लागतात तिथे ग्रीस, सामानाच्या बॅगा उघडल्या तर आत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात अजून एक, तिच्यात तिसरी, आणि मग कपडे. शिवाय दोन रेनकोट, बुटांवर घालायची प्लॅस्टिकची खोळ, आणि एक निळी ताडपत्री. सुभेदारांनी सगळं बघितलं. चेनवर बोट फिरवलं, ते काळं बोट ह्यांच्यापुढे धरलं.

"भाऊ, निघालाय कुठं? माळशेजला?"

ह्यांनी वाकून चेनकडे बघितलं.

"आवो, तुमी पावसाची तयारी केलीया. तिकडं गंज कुठला आलाय? ह्या ग्रीसला वाळू चिकटंल, वल्या हाताला रवा चिकटतो तशी. दोन दिसांत चेन खाऊन टाकंल. पुसा सगळं. कोरडं ठणठणीत करा. आणि हे पिशव्यांचं काय? तिकडं पानी बाहेर ठिवायचं नसतंय, आत राखायचं असतंय."

मला हसू आवरेना. खरंच की! जन्म गेला पावसात. आम्ही दोघांनी वाळवंटाचे नकाशे पाठ केलेले, तापमान पाठ केलेलं, आणि हात मात्र आपोआप जूनच्या तयारीला लागलेले. गंज चढेल, बुरशी येईल, पाणी शिरेल. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला दुसरी भीतीच माहीत नाही. त्या दुपारी आम्ही तिघं खाली बसलो, रॉकेलचा डबा मधे, जुनी गंजिफ्रॉकं फाडून चिंध्या केलेल्या, आणि आठवडाभर लावलेलं सगळं पुसून काढलं. हवेच्या फिल्टरवर चढवायला सुभेदारांनी माझे जुने लांब पायमोजे मागितले. वाळू आत जाऊ नये म्हणून. मोजे चढवले आणि म्हणाले, "आता गाडी झाली. मानसांचं काय? वाळूत चालवलीया कधी?"

वाळू कुठे मिळणार आम्हाला? त्यांनीच सांगितली, खडवलीची. तिथे भातसा नदी दिवाळीनंतर आटत जाते आणि काठाला वाळूचे पट्टे उघडे पडतात. एरवी लोक सहलीला जातात तिथे. आम्ही तीन रविवार गेलो. सुभेदार एका खडकावर छत्री घेऊन बसायचे आणि ओरडायचे. "ब्रेक हा शब्द इसरा! पायावर उभं ऱ्हावा! हँडल आवळू नगा, सोडा, सोडा, हलू द्या तिला!" गंमत अशी की वाळूत मोटरसायकल सरळ चालतच नाही. पुढचं चाक इकडेतिकडे डोकं हलवत राहतं, आणि आपण घाबरून हँडल घट्ट धरलं की ती आडवी. हात सैल ठेवायचे, अंग सैल ठेवायचं आणि पेट्रोल देत राहायचं, एवढीच विद्या.

पहिल्या रविवारी मी सात वेळा पडले. कोपर सोलवटलं, तोंडात वाळू, आणि एका सहलीच्या कुटुंबाने बसून माझे व्हिडिओ काढले. दुसऱ्या रविवारी तीनदा. तिसऱ्या रविवारी कधीतरी दुपारी माझ्या हातांना ते कळलं. सांगता येत नाही कसं. शीर शोधताना बोट नुसतं टेकवायचं असतं, दाबलं की हरवते, तसंच काहीसं होतं ते. मी बोटं टेकवली आणि गाडी माझ्याखाली डुलत डुलत पाण्यापर्यंत गेली, वळली, परत आली. सुभेदारांनी छत्री वर केली. मी हेल्मेटमध्ये एवढ्या मोठ्याने ओरडले की माझेच कान बसले.

हे मात्र पडतच राहिले. तीस वर्षं मोटरसायकल चालवणारा माणूस. एकदा पाय गाडीखाली आला, घोटा सुजला. मी म्हटलं, "अहो, हात सैल सोडा ना." तर खेकसले, "मला शिकवू नकोस." मी म्हटलं, राहिलं. ह्यांनी सगळ्या रेघा तपासल्या त्या दिवशी, दोनदा.

आता मागे वळून बघताना वाटतं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी माझ्यातच होते. आपल्याला काही जमायला लागलं की शेजारचं माणूस दिसेनासं होतं, हे माझं मी कबूल करते. ह्या वर्षी हे रिटायर झालेत, दिवसभर घरात असतात, आणि परवा माझा फुटलेला ओठ बघून आमसुलाच्या तेलाचा गोळा माझ्यापुढे ठेवला. तेव्हा ह्यांचं तोंड बघून घ्यायला मी थांबले. चार वर्षांपूर्वी नव्हते थांबले.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही सामान बांधून बघितलं. सगळं चढवायचं, एक फेरी मारायची, उतरवायचं. माझ्या गाडीवर मागच्या बाजूला तंबू, अंथरुणं, कपड्यांची बॅग, असं करत करत माझ्या डोक्यापर्यंत ढीग. मी दोऱ्या ओढल्या आणि ह्यांच्या गाडीकडे वळले. पाणी, हत्यारं, स्टोव्ह, सगळं दोन्ही बाजूंच्या बॅगांत कोंबून कोंबून भरलेलं. चेन लागत नव्हती बॅगांची. टाकीवरची बॅग एवढी फुगलेली की ह्यांना वेगाचे काटे दिसले नसते. आणि मागची सीट मोकळी. पुसून लख्ख. मी खाली वाकले. मागे बसणाऱ्याने पाय ठेवायचे दोन फूटरेस्ट असतात ना, त्यांना नवं रबर घातलेलं. काळं कुळकुळीत, त्यावरची दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून निघाली नव्हती.

"अहो, ह्याच्यावर पाय कोण ठेवणार आहे?"

हे दोरीची गाठ सोडत होते. सोडतच राहिले.

"तुम्हालाच विचारतेय."

"असू दे गं. लांबचा रस्ता आहे. दमलीस तर."

"दमले तर! आणि माझी गाडी? ती काय उंटाच्या पाठीवर टाकणार?"

"ट्रकवाल्याला सांगता येतं..."

"विचारून पण ठेवलंत?"

ह्यांनी मान खाली घातली. विचारून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर खडवलीचे तिन्ही रविवार उभे राहिले, माझं सोललेलं कोपर, पाण्यापर्यंत गेलेली ती फेरी. म्हणजे हे सगळं ह्यांनी लहान मुलीचा खेळ बघावा तसं बघितलेलं. माझा आवाज प्रधान काकूंपर्यंत गेला असणार. मी म्हटलं, "मी येत नाही. तुम्ही जा, आणि बसवा मागे कुणाला बसवायचं ते." वर आले आणि फ्रिजवरची यादी फाडून टाकली. ह्या वेळी नवी केली नाही.

तीन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त कुकरच्या शिट्ट्या आणि गॅसचा नंबर एवढंच बोललो. मला झोप नाही, भूक नाही. खाली जाऊन गाडीला हात लावायचा नाही असं ठरवलेलं, आणि हाताला काम हवं म्हणून मी डिंकाचे लाडू करायला घेतले. कुणासाठी, देव जाणे. जायचंच नाही तर लाडू कशाला? पण हात थांबत नव्हते. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी डिंक तळत होते, हे कंपनीतून आले आणि चहा न मागता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"खडवलीला मी का पडत होतो, माहितीये?"

"हँडल आवळता म्हणून."

"का आवळतो?"

मी गॅस बारीक केला.

"मागे तू नाहीस म्हणून," हे म्हणाले. "मी लांबवर कधी एकट्याने चालवलेलीच नाही गं. कंपनीत जातो तेवढीच. पुढे खड्डा दिसला की तू गुडघ्याने दाबायचीस. वेग वाढला की खांद्यावर टपली मारायचीस. मी त्यावरच चालवायचो. मला वाटायचं मीच चालवतोय. मागे कुणी नसलं की गाडीचं मागचं चाक माझं वाटतच नाही."

"मग ते रबर?"

"तू दमशील म्हणून नाही घातलं. तसं सांगितलं तुला. ते खोटं."

"मग कशासाठी?"

"माझं जमलं नाही तर."

डिंक करपला. मी कढई उतरवली आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला ह्यांची दया आली आणि भयंकर रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "म्हणजे तुमचं जमलं नाही तर मी माझी गाडी सोडायची?" हे म्हणाले, "हो. तेच चुकलं माझं." एवढ्या सरळ माणसाशी भांडायचं तरी कसं? आणि खरं सांगते, क्षणभर मनात आलंच, जाऊ दे, बसावं मागे. सोपं आहे. अंगवळणी पडलेलं आहे. ह्यांना माझी एवढी गरज आहे हे ऐकून मला बरंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. बायकांना असंच तर अडकवतात, प्रेमाने, आणि अडकवणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. मी पदराला हात पुसले.

"पाण्याचे दोन्ही कॅन बॅगांतून काढा," मी म्हटलं. "मागच्या सीटवर बांधा. भरलेले. चाळीस किलो होतील."

"तू त्रेसष्ट आहेस."

"वजन काढू नका."

"कॅन टपली नाही मारणार," हे म्हणाले.

"मग बघून चालवा."

हे हसले. पहिल्यांदा हसले चार दिवसांत, आणि मग डोळे पुसायला म्हणून बाथरूमकडे गेले, हात धुतो म्हणाले. मी करपलेला डिंक टाकला आणि नवा तळायला घेतला. दुसऱ्या दिवशी दोघं खडवलीला गेलो, रजा काढून, कॅन बांधून. हे दोनदा पडले. तिसऱ्यांदा पाण्यापर्यंत गेले आणि परत आले, हळू, तोंडाने स्वतःलाच काहीतरी बजावत.

निघालो ती सकाळ अजून अंगावर आहे. उजाडता उजाडता, थंडी, प्रधान काकू गॅलरीत शाल गुंडाळून. सुभेदारांनी फोनवर बजावलेलं, नव्या माणसाने पुढं ऱ्हायचं, जुन्याने मागनं. पुढच्याच्या चालीनं जायचं. तोवर सरावाला जातानाही हेच पुढे असायचे. त्या दिवशी मी पुढे निघाले. शीळफाटा, मुंब्र्याचा बायपास, मग ठाणे. सगळं ओळखीचं. माजिवड्याच्या सिग्नलला मी निघून गेले आणि मागे लाल लागला. हे अडकले.

मी घोडबंदरच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन कडेला थांबले. पाय टेकवले. इंजिन चालू ठेवलं. दोन मिनिटं असतील. बाजूने बसेस, टेम्पो, ऑफिसला निघालेली माणसं. मला वाटलं, बंद करावं इंजिन. वाटलं, नको, तसंच निघावं पुढे, थांबूच नये. मग ह्यांची गाडी शेजारी येऊन उभी राहिली. मागे दोन पिवळे कॅन. ह्यांनी हेल्मेटची काच वर केली.

"पाठीला कसंतरीच होतंय गं," म्हणाले. "उघडं उघडं."

ऊन नुकतं वर आलेलं. समोर रस्ता सरळ गेलेला आणि डाव्या उजव्या बाजूंना कुठेच काही मधे येत नव्हतं. बावीस वर्षं प्रवासात माझ्या डोळ्यांपुढे एक शर्ट होता. आधी निळा चौकड्यांचा, मग खाकी, मग ते काळं जॅकेट. माळशेज मी त्याच्या डाव्या कडेने बघितलेला, हंपी उजव्या कडेने मान काढून. मधलं काय असतं ते मला माहीतच नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "एवढं सगळं दिसायचं तुम्हाला?"